एटीव्हीला बाईकचे शॉकअप बसतील का? पुढचे गळतात, मागचा टाकी भरली की तळाला टेकतो

तासगाव_नऊबायपाच:
चिनी बनावटीची २०० सीसी एअरकूल एटीव्ही. पुढे दोन्ही बाजूंना डबल ए-आर्म (चाक धरणारे ए आकाराचे दांडे) आणि एकेक शॉकअप, मागे चिमटा (ॲक्सल धरून वर-खाली होणारा स्विंगआर्म), सरळ ॲक्सल आणि मध्ये एकच मोनोशॉक. द्राक्षबागेत तणनाशक, खोडाला बोर्डो (मोरचूद-चुन्याचं पाणी) असली किरकोळ कामं करतो. मोठी फवारणी ट्रॅक्टरच्या ब्लोअरनंच होते. मागच्या कॅरियरवर १०० लिटरची टाकी आणि १२ व्होल्टचा पंप आहे. टाकी रिकामी असताना गाडी ठीक चालते. भरली की बांधावरून उतरताना मागून "ठक्" असा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येतो. पुढचे दोन्ही शॉकअप तेल गाळतात. ओरिजिनल मिळत नाहीत, आणि ऑनलाइन जे दिसतात ते याच प्रतीचे.
पुढचा शॉकअप डोळा ते डोळा (दोन्ही टोकांच्या बोल्टच्या भोकांमधलं अंतर) ३३० मिमी, मागचा २९०. सगळीकडे १० मिमीचा बोल्ट. पल्सर, स्प्लेंडर, एफझी यांपैकी कुठल्या गाडीचे शॉकअप थेट बसतील?

मिरज_स्पेअर:
पुढे पल्सरचे गॅसचे टाका, मागे एफझीचा मोनोशॉक. बुश बदलला की बसतात. तीन-चार हजारांत काम होईल.

कुपवाड_टर्नर:
बसतात आणि चालतात, या दोन वेगळ्या गोष्टी. मिरजकर म्हणतात तसे पुढे पल्सरचे शॉकअप बोल्टला बोल्ट लागतीलही. पण गाडी जागेवरच अर्धी खाली बसेल. कारण सांगतो.

बाईकचा मागचा शॉकअप जवळजवळ चाकाशेजारी असतो. चाक १० मिमी वर गेलं की शॉकअप ८-९ मिमी दबतो. एटीव्हीच्या ए-आर्मवर तो मधेच कुठेतरी आणि तिरका असतो, त्यामुळे चाक १० मिमी वर गेलं की शॉकअप ५ मिमीच दबतो. या गुणोत्तराला मोशन रेशो म्हणतात. स्प्रिंगची ताकद चाकापर्यंत पोचते ती या रेशोच्या वर्गाने. रेशो ०.५ असेल तर चाकाशी स्प्रिंगचा चौथाच हिस्सा उरतो. डॅम्पिंगचंही (तेलाने उसळी मुरवण्याचंही) तेच.

साध्या कम्युटर बाईकच्या एका शॉकअपचा स्प्रिंग समजा २ किलो प्रति मिमी आहे (१ मिमी दाबायला २ किलो). तो ०.५२ रेशोवर लावला तर चाकाशी ०.५४ उरतो. तुमच्या गाडीत पुढच्या एका चाकावर स्प्रिंगवरचं वजन ४८-५० किलो असेल. म्हणजे नुसतं बसल्यावरच चाकाची जवळजवळ ९० मिमी चाल खर्च. एकूण चालच १३० च्या आसपास असते. उरलेल्या ४० मध्ये बांध कसा ओलांडणार?

म्हणून गाडीचं नाव विचारू नका, आधी मापं घ्या. हवीत ती अशी:

चाकं लोंबत असताना आणि पूर्ण दाबलेली असताना शॉकअपची लांबी. चिमट्याच्या पिव्होटपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत अंतर, आणि पिव्होटपासून शॉकअपच्या खालच्या बोल्टपर्यंत अंतर. शॉकअप उभ्यापासून किती अंशांनी कललेला आहे. स्प्रिंगच्या तारेची जाडी, आतला-बाहेरचा व्यास, एकूण वेटोळी, मोकळी लांबी. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस. आणि टाकीचा मध्य ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, किती मिमी. शेवटचं माप कोणी घेत नाही, आणि माझा संशय नेमका तिथेच आहे.

तारेची जाडी व्हर्नियरनेच मोजा, पट्टीने नको. रंगाचा थर आधी खरवडा.

सातारा_यवतेश्वर:
यात एक भर. कुठलाही शॉकअप घ्यायच्या आधी स्प्रिंगचा सध्याचा दर (चाकाशी १ मिमीला किती किलो) गाडीवरच मोजता येतो, स्प्रिंग काढायची गरज नाही. फ्रेमवर एक खूण, ॲक्सलवर एक खूण. दोन्हींमधलं उभं अंतर मोजा. मग सिमेंटची ५० किलोची एक गोणी बरोबर ॲक्सलच्या वर ठेवा, गाडी दोन-तीनदा हलवून स्थिर होऊ द्या, पुन्हा मोजा. ५० ला आलेल्या फरकाने भागा.
जमिनीपासून मोजू नका. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा तीन-चार पीएसआयच असते, टायर स्वतःच बसतो आणि आकडा खोटा येतो.

तासगाव_नऊबायपाच:
मापं घेतली, फक्त मागची.
चिमटा: पिव्होट ते ॲक्सल ४२० मिमी, पिव्होट ते शॉकअपचा बोल्ट २५०. कल साधारण ३५ अंश. स्प्रिंग: तार १० मिमी, आतला व्यास ४६, बाहेरचा ६६, एकूण वेटोळी ९ (दोन्ही टोकं घासून सपाट केलेली), मोकळी लांबी २००, शॉकअपवर बसवलेली १९५. चाकाची चाल १४० मिमी. व्हीलबेस ११५०. टाकीचा मध्य ॲक्सलच्या १५० मिमी मागे. गाडी १९० किलो, मी ७०. टाकी, पाणी, पंप धरून ११२.
गोणी ठेवल्यावर २५ मिमी फरक आला.

कुपवाड_टर्नर:
मापं एकमेकांशी जुळतात. हिशेब उलगडून देतो म्हणजे पुढे कोणाला दुसऱ्या गाडीसाठी करायचा झाला तर उपयोगी पडेल.

मोशन रेशो: २५० भागिले ४२० म्हणजे ०.५९५, गुणिले ३५ अंशांची कोसाइन ०.८२. आला ०.४९. वर्ग ०.२४.

स्प्रिंगचा दर: तारेच्या जाडीचा चौथा घात गुणिले ७९,००० (पोलादाच्या कडकपणाचा आकडा), भागिले (८ गुणिले मधल्या व्यासाचा घन गुणिले काम करणारी वेटोळी). मधला व्यास ५६, टोकाची दोन वेटोळी सोडून ७. उत्तर ८० न्यूटन प्रति मिमी, म्हणजे ८.२ किलो. चाकाशी ८.२ गुणिले ०.२४ म्हणजे १.९७. तुमच्या गोणीने २ दिला. म्हणजे स्प्रिंग मेलेला नाही, आहे तसाच आहे.

आता वजन. गाडीचं निम्मं, ९५ किलो, मागे. तुमचे साधारण ४५ मागे. टाकी ११२ ची, पण ती ॲक्सलच्या मागे लटकलेली असल्यामुळे ॲक्सलवर ११२ पडत नाही, १२७ पडतं. वरचे १५ पुढच्या चाकांवरून उचलून आणलेले. टाकी भरली की स्टिअरिंग हलकं लागत असेल, चढावर पुढची चाकं तरंगल्यासारखी वाटत असतील, ते यामुळे.

ॲक्सल, चाकं, चिमटा यांचे ४० वजा केले तर स्प्रिंगवर टाकीशिवाय १०० किलो, टाकीसकट २२७. बसवतानाच ५ मिमी दाबलेला स्प्रिंग चाकाशी २० किलो आधीच उचलून धरतो. टाकीशिवाय गाडी ४१ मिमी बसते. १४० च्या चालीत हे अगदी रास्त. टाकीसकट १०५. उरतात ३५ मिमी. त्यात स्प्रिंग आणखी ६९ किलोच झेलू शकतो, म्हणजे वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा धक्का बसला की ठक्. बांध कशाला, ड्रिपच्या मेनलाइनच्या चारीवरूनही आपटेल.

तेव्हा दोष शॉकअपचा नाही. कंपनीने गाडी एका माणसासाठी केली आणि आपण तिच्या शेपटाला हौद बांधला.

मिरज_स्पेअर:
मग एफझीचा मोनोशॉक टाकला की स्प्रिंग कडक मिळतोच की.

कुपवाड_टर्नर:
तुमचा मुद्दा चुकीचा नाही. बिनलिंकेजचे (मध्ये जोडदांडे नसलेले) मोनोशॉक, एफझी किंवा ड्यूक २०० सारखे, चिमट्याच्या मधल्या भागावर थेट लागतात. त्यामुळे त्यांचा मोशन रेशो या गाडीच्या जवळपास येतो आणि स्प्रिंग मुळात जाड असतो. मागच्या जागेसाठी दाता शोधायचा तर याच जातीत. हिमालयनचा मात्र घेऊ नका, तो लिंकेजवर चालायला केलेला आहे, नुसता उचलून इथे लावला तर दर आणि डॅम्पिंग दोन्ही बिनसतात.

पण लांबी जुळली पाहिजे. इथे २९० आहे. ३०० चा लावलात तर चाक १० नाही, १० भागिले ०.४९, म्हणजे २० मिमी खाली जातं. चिमटा खाली गेला की चेनचा ताण बदलतो. पुढचा स्प्रॉकेट, पिव्होट आणि ॲक्सल एका रेषेत येतात तिथे चेन सगळ्यात घट्ट असते. ढील त्याच स्थितीत तपासायची. आणि वर्षागणिक मॉडेलमध्ये डोळ्याची लांबी, बुशची रुंदी, खालचं टोक डोळा की दुबेळकं, हे बदलत जातं. काउंटरवर जुना शॉकअप शेजारी ठेवूनच नवा घ्या.

माझं मत विचाराल तर मागचा शॉकअप गळत नसेल तर तोच ठेवा आणि फक्त स्प्रिंग करून घ्या. आतला व्यास ४६ तसाच, तार ११ मिमी, एकूण वेटोळी ९, मोकळी लांबी १९८, टोकं बंद आणि घासलेली. दर ११.४ येतो. एक मिमी जाड तार म्हणजे किरकोळ वाटतं, पण चौथ्या घातामुळे ३९ टक्के फरक पडतो (मधला व्यास थोडा वाढतो म्हणून ३९, नाहीतर ४६ झाला असता). पूर्ण दाबल्यावर स्प्रिंगची जागा १२६ मिमी उरते, ९ वेटोळी गुणिले ११ म्हणजे ९९, तेव्हा वेटोळ्याला वेटोळं टेकत नाही. बाहेरचा व्यास ६८ होतो, तो चिमट्याच्या आडव्या पट्टीला घासतो का ते आधी बघा.

स्प्रिंगवाल्याला ऑइल टेम्पर्ड तार सांगा, आणि गुंडाळल्यावर एकदा पूर्ण दाबून सोडायला सांगा. हे केलं नाही तर महिन्याभरात स्प्रिंग स्वतःच ४-५ मिमी आखडतो आणि लोक म्हणतात "नवीन करूनही बसला".

जुना स्प्रिंग कापून कडक करणं, गॅसने तापवून ताणणं, मोडलेला वेल्डिंग करणं, यातलं काही करू नका. तापवला तिथे टेम्पर जातो, मोडतो तो नेमका तिथूनच.

सातारा_यवतेश्वर:
स्प्रिंगबरोबर टाकी पुढे घ्या, नाहीतर निम्मंच काम होईल. ६० लिटरची टाकी, मध्य ॲक्सलच्या १०० मिमी पुढे, म्हणजे सीटला चिकटून. टाकी-पंप धरून ७० किलो असेल तर मागे ६४ च पडतात आणि पुढे ६ मिळतात. ११.४ चा स्प्रिंग, ३ मिमी आधीचा दाब धरून: एकटा माणूस ३० मिमी, टाकीसकट ५४. उरतात ८६ मिमी, त्यात स्प्रिंग आणखी २३६ किलो झेलतो. आधी ६९ होते.
१०० लिटर लागतच असतील तर दोन चाकांची छोटी ट्रॉली. ओळीत नऊ फूट आहेत, वळायला जागा आहे.
टाकीत आडवे पडदे असू द्या. अर्धी भरलेली मोकळी टाकी उतारावर वळताना पाणी एका अंगाला फेकते आणि गाडी त्याच अंगाला जाते.

तासगाव_नऊबायपाच:
टाकी पुढे सरकवता येईल, कॅरियरला नवीन भोकं पाडावी लागतील. स्प्रिंग बदलल्यावर डॅम्पर कमी पडेल का? आणि पुढच्यांचं काय करू? ए-आर्मच्या पिव्होटपासून चाकाच्या मध्यापर्यंत ४००, शॉकअपच्या बोल्टपर्यंत २४०, कल ३० अंश.

कुपवाड_टर्नर:
स्प्रिंग ३९ टक्के कडक झाला तर रिबाउंड (स्प्रिंग परत उसळताना डॅम्परने धरलेला अडसर) साधारण १८ टक्के वाढायला हवं (वर्गमुळाने जातं). टाकीशिवाय चालवताना मागून थोडी उसळेल. खोलता येणारा शॉकअप असेल तर एक नंबर जाड तेल घाला. क्रिम्प केलेला असेल तर राहू द्या. गॅसचा असेल तर कोणालाही ड्रिल मारू देऊ नका, आत नायट्रोजन टायरच्या कितीतरी पट दाबाने असतो, तेलासकट तोंडावर येतो. पंक्चरवाल्याकडचा नायट्रोजन परत भरायला चालत नाही, तो दाब तिथे मिळत नाही.

पुढे रेशो ०.६ गुणिले ०.८७, म्हणजे ०.५२. चाकावर ४८ किलो, १३० च्या चालीत ३९ मिमी बसायला हवी, तर चाकाशी १.२३ आणि शॉकअपवर ४.६ किलो प्रति मिमीचा स्प्रिंग लागतो. बाईकच्या जोडशॉकअपमध्ये असा मिळणार नाही. दोन वाटा. एक, बाईकचा बरा डॅम्पर घेऊन त्यावर स्वतःचा स्प्रिंग. यात स्प्रिंग जुळतो पण डॅम्पर निम्म्या वेगाने चालतो, गाडी झुलत राहते. दोन, ३३० लांबीचे एटीव्हीचेच शॉकअप, पण खोलता येणारे आणि वर चुडीचं नट असलेले. महाग पडतात, पण पुढे मी दुसरीच वाट घेईन.

शॉकअपला वर डबा दिसला म्हणजे आत वेगळा गॅस असतोच असं नाही. बाजारात नुसते शोभेचे डबेही लावलेले असतात. साधा दुहेरी नळीचा शॉकअप फार आडवा लावला की व्हॉल्व्ह तेलाऐवजी हवा ओढतो, तेलाला फेस येतो, दोन ओळींत मऊ पडतो. तुमचा ३० अंशांचा कल चालण्यासारखा आहे, याहून आडवा नको.

सातारा_यवतेश्वर:
परदेशातल्या स्पोर्ट क्वाडवर ही अदलाबदल सर्रास चालते, उदाहरणार्थ होंडा ४०० ईएक्सवर ४५० आरचे पुढचे शॉकअप. पण ती एकाच कंपनीची, एकाच घडणीची भावंडं. सुझुकी एलटी-झेड ४००, कावासाकी केएफएक्स ४०० आणि आर्क्टिक कॅट डीव्हीएक्स ४०० ही तर मुळात एकच गाडी. तिथले व्हिडिओ बघून इथे बाईकचा शॉकअप एटीव्हीला लावणं म्हणजे वेगळाच हिशेब.

पुढे लांब शॉकअप घालून गाडी उंच करायचा मोह होतो. २० मिमी लांब घातला तर चाक ३८ मिमी खाली जातं. बॉल जॉइंट शेवटाला अडतो, ब्रेकचा होज ताणतो, टाय रॉडचा कोन बदलून खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळतं. आणि डोंगरउतारावर आडवी चालवताना उलटायला तेवढी उंची पुरते. पुढचं काम झालं की टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली ते) परत लावा.

बसवण्याआधी एक चाचणी जरूर करा. स्प्रिंग काढून नुसता डॅम्पर बोल्टला लावा आणि जॅकने चाक पूर्ण वर, पूर्ण खाली करा. वर जाताना रबरी बंपर आधी टेकला पाहिजे, ए-आर्म फ्रेमला किंवा टायर मडगार्डला नंतरही नाही. लोखंडापासून लोखंड निदान १० मिमी लांब राहू द्या.

मिरज_स्पेअर:
बुशचं मी सांगतो, ते माझं रोजचं. बाईकच्या डोळ्यातला बुश १० चा नसेल तर रबर दाबून बाहेर काढा, जाळू नका. जाळल्याने डोळ्याशेजारचं सील जातं. आतली स्लीव्ह ईएन-८ पोलादात टर्न करून घ्या, बोल्टवर ०.१ मिमीपेक्षा जास्त ढिली नको. स्लीव्ह रबराच्या दोन्ही बाजूंना एकेक मिमी बाहेर राहिली पाहिजे, म्हणजे ब्रॅकेट स्लीव्हला आवळतं, रबराला नाही. बोल्ट ८.८ ग्रेडचा, नायलॉक नट, १० मिमीला ४५ न्यूटन मीटर. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर लोंबत असताना आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि दोन महिन्यांत फाटतं.
या गाड्यांचं ब्रॅकेट ३ मिमी पत्र्याचं असतं. बोल्ट काढल्यावर भोकाच्या एका कडेला चकचकीत चंद्रकोर दिसली तर भोक लांबट झालंय. बाहेरून ४ मिमीची चकती वेल्ड करा, मगच नवीन शॉकअप.

तासगाव_नऊबायपाच:
दोन्ही पुढच्या ब्रॅकेटवर ती चंद्रकोर आहे. आणि गळणाऱ्या शॉकअपच्या दांड्यावर बारीक काळे खड्डे आहेत, सगळे खालच्या अंगाला.

कुपवाड_टर्नर:
खड्डे बोर्डोचे. मोरचुदाचं पाणी लोखंडाला खातं. क्रोमला चीर पडली की आत शिरतं, मग तो खड्डा प्रत्येक खेपेला सीलचं ओठ कातरतो. तिथे नवीन सील घालून उपयोग नाही, दांडाच बदलावा लागतो. नवीन शॉकअपना रबरी घड्यांचं कव्हर चढवा, खालच्या टोकाला पाणी निथळायला छोटं भोक ठेवा, आणि खरड छाटणी असो की ऑक्टोबरची, बोर्डोचं काम झालं त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवा. प्रेशर गनचा फवारा सीलवर सरळ मारू नका.

सगळं बसलं की मागच्या दांड्यावर प्लॅस्टिकची केबल टाय हलकी आवळा. टाकी भरून नेहमीच्या दोन ओळी चालवा आणि टाय कुठवर सरकली ते बघा. दांड्याची एकूण चाल ६९ मिमी. टाय ५५ ते ६० वर थांबली तर बेत जमला. शेवटाला जाऊन टेकली तर वरचं नट दोन फेरे आवळा. ४० च्या आत राहिली तर स्प्रिंग जास्त कडक झालाय, आकडे इथे टाका.